चौघांना ऐकू न आलेली शिट्टी

धानाच्या मिलमध्ये वीस वर्षं काढली की माणसाला 'मिलचा कान' होतो. सौंदडच्या स्टेशनामागच्या मोहल्ल्यात हा शब्द सगळ्यांना ठाऊक होता आणि तो कुणाला लागत नसे. ज्याला मिलचा कान झाला तो ओरडून बोलायचा, आणि तो निम्म्या मोहल्ल्याला झाला होता. परका माणूस आला की त्याला वाटायचं, इथं दारोदारी भांडणं पेटली आहेत. भांडणं नसायची. कुणी बायकोला चहा मागत असायचं, कुणी सोयऱ्याला जेवायला बसवत असायचं. मिलच्या मालकानं विजेच्या मोटारीवर टिनाचं छप्पर घातलं होतं, तिला पाणी लागू नये म्हणून. तिच्या बाजूला उभ्या माणसाच्या कानात कापसाचा बोळा घालावा, हे त्याला कधी सुचलं नाही. मोटार विकत आणावी लागते. माणूस सकाळी आपणहून फाटकाशी येऊन उभा राहतो.

खुशाल त्या मिलमध्ये बावीस वर्षं फिटर होता. त्याची बायको रुक्माबाई तिथंच चाळणीवर होती, पंधरा वर्षं. दोघांचेही कान गेलेले आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं, कारण एकमेकांचं ओरडणं एकमेकांना पुरत होतं. २००८ साली मिलमध्ये नव्या मशिनी आल्या आणि जुनी माणसं घरी बसली. खुशालनं एक जुना कॉम्प्युटर घेतला, एक प्रिंटर घेतला, आणि घराच्या पुढच्या खोलीवर पाटी ठोकली: 'रचना ऑनलाइन सेंटर'.

रचना त्याची एकुलती एक लेक. वीस वर्षांची. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत ती त्या खुर्चीवर बसायची. लोकांचे नोकरीचे फॉर्म, पोरांचे निकाल, जातीच्या दाखल्याचे अर्ज. रांग नसली की त्याच स्क्रीनवर रेल्वेच्या परीक्षेचे जुने पेपर सोडवायची. तिला सहायक स्टेशन मास्तर व्हायचं होतं. त्या मोहल्ल्यातून स्टेशनात हमाल गेले होते, गँगमन गेले होते, खुर्चीवर बसायला कुणी गेलं नव्हतं. खुशाल मोहल्लाभर ओरडून सांगायचा, "माही पोरगी सिग्नल देईन तवा गाडी हालंल!" घरात तेवढं एकच स्वप्न होतं. दुसरं परवडतही नव्हतं.

आणि मे महिना आला की कॉम्प्युटर बंद पडायचा.

वर टिन, बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि मिलकडून येणारी कोंड्याची धूळ. दुपारी बारा वाजले की आतला पंखा भणभणायचा आणि स्क्रीन काळी व्हायची. अर्धा भरलेला फॉर्म गेला. रांगेतली माणसं आधी हळहळायची, मग शिव्या द्यायची. रचना मान खाली घालून म्हणायची, "थांबा जी, थंडा होऊ द्या." खुशालनं झाकण काढून ठेवलं. टेबलफॅन लावला. एकदा ओली खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, लावली, तर कॉम्प्युटरच्या आतली एक पट्टी गंजून गेली. गोंदियाहून मेकॅनिक आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "एसी लगवा लो."

खुशालनं त्याला डोक्यावरची ट्यूबलाइट दाखवली. भर दुपारी व्होल्टेज नसल्यानं तिची दोन्ही टोकं नुसती लाल होऊन बसली होती.

"आधी हिले पेटव बाप्पा," खुशाल म्हणाला. "मंग एसीचं बोल."

त्याच आठवड्यात त्याला सुचलं, आणि सुचवलं रुक्माबाईनं. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. बाजूला टेबलफॅन फिरत होता. खुशाल म्हणाला, "अवो, सुपानं हात कायले दुखवतेस? फॅनच्या वाऱ्यात धर न."

"ह्या वाऱ्यानं का होते?" ती ओरडली. "वारा वरून वरून निंघून जाते. कोंडा दाण्याले चिपकून बसते. त्याले धक्का पायजे, धक्का!" आणि तिनं सूप असं झटकलं की कोंड्याचा भुगा खुशालच्या तोंडावर आला.

सातवी शिकलेला माणूस, पण त्याचं डोकं तिथंच थांबलं. पंखा वारा घालतो, तरी तापलेल्या धातूला गरम हवेचा एक पातळ थर चिकटून असतो, दुधाला साय धरावी तसा. वारा सायीवरून जातो, साय तशीच राहते. तिला धक्का द्यायला पाहिजे. एका सेकंदात शेकडो धक्के. आणि शेकडो धक्के म्हणजे काय? आवाज. चौदा एप्रिलला मोहल्ल्याचा माइक खुशालच बांधायचा. लाउडस्पीकरच्या पोंग्यापुढं हात धरला की हवा तळव्यावर कशी थरथरते, ते त्याला पाठ होतं.

कॉलेजात शिकलेल्यांना हे पुस्तकात सापडतं म्हणे. खुशालला ते सुपात सापडलं. फरक इतकाच की पुस्तकवाल्यांकडं कान तपासणारे असतात.

पुढचे आठ-नऊ महिने त्यानं त्यातच घातले. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो, उष्णता ओढून घेणारा. त्या पात्यांच्या तोंडाशी त्यानं जुन्या पोंग्याचं छोटं युनिट बसवलं. आवाज पुरवायला एक लहानसं सर्किट, त्याला दोन बटणं. एक आवाज जाड-बारीक करायचं, दुसरं कमी-जास्त करायचं. आधी जाड आवाज दिला, तर टेबल थरथरलं आणि आतली हार्ड डिस्क कटकट करून अडकली. मग त्यानं आवाज बारीक करत नेला. घूं गेली, पीं आली. पीं बारीक होत होत शिट्टी झाली, आणि मग शिट्टीही गेली. काहीच ऐकू येईना. आता कसं छान झालं, असं त्याला वाटलं. मग त्यानं दुसरं बटण धरलं आणि स्क्रीनवरचा प्रोसेसरचा आकडा पडेपर्यंत पिळत नेलं. अठ्ठ्याहत्तर. बहात्तर. सदुसष्ट. एकसष्ट.

तो नाचला. सदतीस वर्षांपूर्वी लग्नात राहिलेलं नाचणं आता पन्नाशीत नाचतो, असं ओरडला, तर रुक्माबाई म्हणाली, "आपलं लगन तं सत्तावीस वर्साआधी झालं. मंग ते सदतीसवालं कोनाचं होतं?"

पण खुशाल काही मूर्ख नव्हता. आवाज त्रासाचा नको, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं परीक्षा घेतली. बॉयलरवाला श्यामलाल आणि हमाल टिकाराम या जुन्या मिलवाल्यांना बोलावलं. कॉम्प्युटरपुढं खुर्च्या मांडल्या. तो, रुक्माबाई आणि ते दोघं. चौघं कान देऊन बसले.

"आवाज येते का?"

"का?"

"आवाज! येते का म्हनलं!"

"नाही बापा. सुरू केलं का तू?" टिकारामनं विचारलं.

"तं! कवाचं सुरू हाये!"

"मस्त हाये मंग. देवघरावानी शांत," श्यामलाल म्हणाला आणि चहा मागितला.

चौघांचं मत पडलं. यंत्र बिनआवाजी ठरलं. चार बहिऱ्यांनी मिळून शांतता मंजूर केली.

तिसऱ्या दिवशी रचना म्हणाली, "बाबा, ते शिट्टी वाजून राहिली. डाव्या कानात घुसते."

"कोनती शिट्टी?"

"हे तुमच्या यंत्राची. दिवसभर. डोकं चढते."

"आमी चार जनं बसलो होतो, चार! कोनाले ऐकू आली नाही. तुलेच काऊन येते?"

"मले येते तं मी का करू?"

"अभ्यास जास्त होऊन राहिला तुहा. झोपत जाय," खुशाल म्हणाला. रुक्माबाईनं तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. झालं. पोरीनं दोन दिवस कानात कापूस घातला, पण मग रांगेतल्या म्हाताऱ्यांची नावं ऐकू येईनात, म्हणून काढून टाकला. महिनाभरानं ती काही बोलेनाशी झाली. खुशालनं एकदा विचारलं, "शिट्टी वाजते का अजून?" ती म्हणाली, "नाही. सवय झाली आता."

तो मे महिना कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. सत्तेचाळीस डिग्रीत सकाळी दहा ते सहा. पुढचाही मे नाही. आसपासच्या गावांतली माणसं सौंदडला यायला लागली, कारण 'तेथचं मशीन मरत नाही'. एका पेपरवाल्यानं फोटो छापला: मधे खुशाल छाती काढून, मागं खुर्चीत रचना. बातमीत खुशालनं सर्किटचा नकाशाच काढून दिला. "मले काही लपवाचं नाही," तो म्हणाला होता, "ज्याले पायजे त्यानं बनवा. गरिबाचं मशीन चाललं पायजे." हे वाक्य त्यानं पुढं वर्षभर लोकांना ऐकवलं. फोटो भिंतीवर लागला.

दवनीवाड्याचा टिकेश बातमी वाचूनच आला. पोवाराचा पोरगा, गोंदियात त्याची तीन ऑनलाइन सेंटरं होती, गळ्यात साखळी, खिशात दोन मोबाइल. "खुशालभाऊ, आप तो सायंटिस्ट निकले यार," म्हणाला. खुशालनं त्याला तीन यंत्रं बनवून दिली, तिन्ही सेंटरांत जाऊन स्वतः बसवली. परत येताना गाडीत तो खिडकीशी बसून एकटाच हसत होता.

आणि घरात? घरात लेकीचं ऐकणं कमी होत गेलं. ते कुणाला दिसलं नाही. कसं दिसणार? ती "का?" म्हणायची, तर तिथं सगळेच "का?" म्हणायचे. टीव्ही मोठा लावायची, तर बापाला बरंच व्हायचं. रांगेतल्या माणसाकडं उजवा कान करून बसायची, तर आई म्हणायची, मान अवघडली. दुसऱ्या कुठल्याही घरात पोरगी बहिरी होतेय हे महिन्याभरात कळलं असतं. त्या घरात दोन वर्षं कळलं नाही.

२०१२च्या मार्चमध्ये तिचा रेल्वेचा निकाल लागला. पास. त्या दिवशी खुशालनं स्टेशनवर जाऊन ड्यूटीवरच्या मास्तरला पेढा दिला आणि ओरडून सांगितलं, "तुमची खुर्ची झटकून ठेवजा!" मास्तर हसला. फलाटावरची सगळी माणसं हसली. राहिली होती फक्त मेडिकल.

मेडिकल नागपूरला होती. डोळे झाले, वजन झालं, रक्त झालं. मग तिला काचेच्या पेटीत बसवलं, कानावर हेडफोन घातला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. रचना बटण हातात धरून बसली, आणि बसूनच राहिली. बाहेरचा माणूस काचेतून तिच्याकडं बघत होता. तिला वाटलं, अजून सुरू व्हायचं आहे.

नापास. नियमाप्रमाणे. यात कुणाला शिवी देता येत नाही. जिला गाडीचा आवाज नीट ऐकू येत नाही तिला सिग्नलच्या खुर्चीवर बसवू नये, हे बरोबरच आहे. म्हणूनच तर ते जास्त लागतं.

खुशालचा विश्वास बसला नाही. "मशीन खराब असंल त्याहची," म्हणत तो तिला गोंदियातल्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. पुन्हा तीच पेटी, तेच बटण. बाई कागद बघत राहिल्या. एक रेघ सरळ येत होती आणि मधेच विहिरीत पडल्यासारखी खाली जात होती.

"मिलमध्ये काम करता का?" त्यांनी रचनाला विचारलं.

"का?"

"मिलमध्ये! धानाच्या!"

"नाही. कॉम्प्युटरवर बसते."

"असं कसं? ही रेघ मिलमधल्या माणसाची आहे."

"मिलमधी मी होतो जी," खुशाल म्हणाला.

बाईंनी काय विचार केला कोण जाणे, त्यालाही पेटीत बसवलं. तो ऐटीत बसला, हेडफोन घातला, बटण घट्ट धरलं. थोडा वेळ गेला. मग काचेवर टकटक करून म्हणाला, "करा न जी सुरू."

बाहेरून बाईंनी मान हलवली. चाचणी निम्मी होऊन गेली होती.

मग त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. बापाची रेघ आणि लेकीची रेघ. एकाच जागी विहीर. बाई मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगत होत्या: बारीक आवाज आधी जातात. ज्या माणसाचे ते गेले त्याला तसा आवाज कितीही मोठा असला तरी कळत नाही. घरात अशी कोणती वस्तू आहे का, शिट्टीसारखी वाजणारी? तिच्याजवळ ही रोज बसते का?

खुशालनं दोन्ही कागद जवळ ओढले. लेकीच्या विहिरीवर बोट ठेवलं.

"परत येईन का जी?" त्यानं विचारलं.

"जे गेलं ते नाही येत. आहे तेवढं सांभाळा."

परतीच्या गाडीत रचना खिडकीशी बसली होती. खुशाल तिच्या समोर. गोंदिया सुटलं. मग तीच बोलली, बाहेर बघत.

"मी सांगतलं होतं. तिसऱ्याच दिवशी सांगतलं होतं."

"हो."

"तुमी चार जनं होते. मी एकटी. मले वाटलं, माह्याच डोक्यात काही असंल. मंग ते शिट्टी बंद झाली. मले बरं वाटलं, बाबा. मी म्हनलं, चला, सवय झाली."

खुशालनं हात जोडले. भर गाडीत, लेकीपुढं. शेजारची बाई बघायला लागली. रचनानं त्याचे हात खाली ओढले. "नका करू असं. लोक पाहून राहिले." आणि तिनं परत तोंड बाहेर केलं. रडली की नाही, ते त्याला दिसलं नाही.

घरी आल्यावर त्यानं यंत्र उखडलं. युनिट दगडावर ठेवून हातोड्यानं फोडलं. रुक्माबाई ओरडत होती, काय झालं, काय झालं, आणि त्याला तिला सांगता येत नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागणार होतं आणि ते सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं असतं. शेवटी रचनानं वहीवर लिहून आईला दाखवलं. रुक्माबाईला अक्षरं जुळवायला वेळ लागला. मग ती खाली बसली, आणि फोटो भिंतीवरून काढा म्हणाली.

तेव्हा खुशालला आठवलं, तीन यंत्रं अजून वाजत आहेत.

त्यानं टिकेशला फोन केला. फोनवर अर्धं कळलं, अर्धं नाही, पण टिकेश "हौ हौ, बंद कर देता हूँ" म्हणाल्यासारखं वाटलं. आठ दिवस खुशाल तेवढ्यावर राहिला. नवव्या दिवशी त्याला राहवेना. मे महिन्याच्या भर दुपारी तो गोंदियाला टिकेशच्या बाजारातल्या सेंटरवर गेला. दारापर्यंत रांग होती. आत खुर्चीवर एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी भराभर टाइप करत होती. योगेश्वरी तिचं नाव, यंत्र बसवताना तिनंच त्याला पाणी दिलं होतं. टिकेश पलीकडं मोबाइलवर बोलत होता.

"ते शिट्टीवालं बंद केलं का?" खुशालनं विचारलं.

"अरे भाऊ, उसी दिन! आपने बोला, हमने किया," टिकेश म्हणाला. "काहे को इतनी धूप में आए?"

खुशालनं कॉम्प्युटरकडं बघितलं. वाकून कान लावला. काही नाही. आणि त्या 'काही नाही'चा त्याला काही उपयोग नव्हता. यंत्र त्यानंच बनवलं होतं, आणि ते सुरू आहे की बंद, हे जगात त्यालाच कळू शकत नव्हतं. तो मुलीकडं वळला.

"बाई, तुले येते का आवाज?"

तिनं एकदा टिकेशकडं बघितलं. मग स्क्रीनकडं. "नाही काका."

नाही म्हणजे यंत्र बंद आहे. किंवा मालक समोर उभा आहे. किंवा तिसरं, जे त्याच्या घरात झालं होतं. खुशालनं कॅबिनेटच्या उघड्या बाजूनं आत हात घातला आणि पात्यांवर बोटं टेकवली. सकाळपासून चालू असलेलं मशीन. बाहेर सेहेचाळीस डिग्री. बोटं भाजायला हवी होती. पाती नुसती कोमट होती, म्हणजे यंत्र वाजतच होतं.

त्यानं खिशातून पेंचिस काढून युनिटची तार तोडली.

"दिमाग खराब हो गया क्या!" टिकेश धावून आला. "आज फारम की लास्ट डेट है! मशीन बैठ जाएगी!"

"बसू दे."

"आपकी लड़की का नसीब खराब, तो हमारी दुकान पे कायको निकालते हो? तुम्हारे कान तो मिल में गए। इसको क्या हुआ? पूछो, कुछ हुआ क्या? और तोड़ो, तोड़ो! तीनों तोड़ो! मैं कल दूसरा बनवा लूँगा। नक्शा तो आप ही ने पेपर में छपवाया है."

रांगेतली माणसंही चिडली होती. कुणी म्हणालं, हाकला म्हाताऱ्याला. खुशाल बाहेर आला. पायरीवर ऊन होतं, तिथंच उभा राहिला. दुसऱ्या सेंटरवर जायचं होतं, तिसऱ्यावर जायचं होतं. तिथल्या तारा तोडायच्या आणि उद्या त्या पुन्हा जोडल्या जाणार.

मागून योगेश्वरी आली. हातात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, जणू पाणी भरायलाच निघाली आहे. तिनं आत एकदा बघून घेतलं आणि खुशालजवळ उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "आधी दोन महिने लय वाजत होतं. आता नाही वाजत." ती बाटलीचं झाकण फिरवत होती. "तुमच्या पोरीले मंग परत ऐकू याले लागलं का?"

आत टिकेश होता, रांग होती. खुशालला हे ओरडून सांगायचं नव्हतं. तो तिच्या कानाशी वाकला आणि जमेल तितक्या हळू म्हणाला, "नाही येत, बाई. तू आजच हे खुर्ची सोड."

योगेश्वरीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि दुसरा कान पुढं केला.

"का म्हनले, काका?"

खुशालनं छाती भरून घेतली आणि ओरडला, "नाही येत! गेलेलं नाही येत!" सगळी रांग वळून बघायला लागली. आतून टिकेशनं हाक मारली. ती योगेश्वरीला ऐकू आली नाही.